इसार देण्याआधी

तुम्ही फोनवर विचारता, आजोबांना दवाखान्यात कोण नेतं? म्हणून हे सविस्तर लिहिते.

आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी कळंबहून यवतमाळला जावं लागतं. एक खेप चुकली तरी पायांना सूज येते, दम लागतो. एसटीची वाट पाहणं त्यांना झेपेना, म्हणून जुनी गाडी घ्यायची ठरली. दारव्ह्याजवळच्या गावात एक पसंत पडली. मालक म्हणाला, घरच्याच कामाला वापरली. मीटरवरचा आकडाही तेच सांगत होता. आम्ही तेवढाच आकडा वाचला, चांगला दिवस पाहिला आणि इसार द्यायला गेलो.

आजोबा आणि बाकीचे पुरुष अंगणात गाडीपाशी थांबले. मालकाच्या आईने मला हळदीकुंकवासाठी आत नेलं. कुंकू लावता लावता तिने विचारलं, "गाडी कोनासाठी घेऊन राह्यले, बाई?"

मी डायलिसिसचं सांगितलं. तिचा हात थांबला. करंडा तसाच ठेवून ती दाराशी गेली.

"काहून रे, मीटर मांगं फिरवलं हे सांगतलं का त्यायले?"

"माय, तू आत जाय. सगळेच फिरवतात."

"सगळ्यायच्या माया मेल्या असतीन. तुयी जिती हाये!" मग आजोबांकडे वळून म्हणाली, "भाऊ, इसार खिशात ठेवा. ही गाडी भाड्याच्या सवारीत लय पळाली. रस्त्यात बंद पडली, तं तुमी मशिनीवर कवा पोचान?"

मग मालकाने स्वतःच सांगितलं. कोणाकडून तरी लॅपटॉप लावून आकडा कमी करून घेतला होता. इंजिनचा पट्टा बदलायची वेळ कधीच उलटली होती आणि ब्रेकही झिजले होते. आकड्यावर विसंबून आम्ही दोन्हींना हात लावला नसता. चालत्या गाडीत पट्टा तुटला की इंजिन जागीच बंद पडतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आजोबा गाडीवर थाप मारून म्हणाले, "म्हातारीला नवरीसारखं नटवलंस की रे!" अंगणात सगळे हसले. मालकाची आई तेवढी हसली नाही.

"यायले दुसरी गाडी भेटेपर्यंत तूच नेऊन आन," तिने मुलाला बजावलं.

तो खरंच आला, आपली नवी जीप घेऊन. पहिल्या दिवशी वाटेत एक शब्द बोलला नाही. हळूहळू आजोबांशी कापसाच्या भावावरून वाद घालू लागला. डिझेलखेरीज काही घेत नाही. "मायनं सांगतलं," एवढंच म्हणतो.

आम्ही अजून गाडी शोधतोच आहोत, आता मेकॅनिकला सोबत नेऊन. पण आजोबांची एकही खेप चुकलेली नाही. काल परतताना ते जीपमध्ये शांत झोपले होते. त्यांची मान कलली, तशी त्याने गाडी हळू केली. त्या माउलीचे उपकार कसे फेडावेत, मला कळत नाही.