पाचव्या ‘का’चं उत्तर

जयमाला ओव्हाळ चिडली की आवाज चढवत नाही, उलट हळू बोलते. त्या मंगळवारी ती इतकी हळू बोलत होती की रविराज सरांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

चाकणच्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ती नऊ वर्षं सर्व्हर सांभाळते. लाइनवरच्या चाळीस स्क्रीन एकाच जुन्या सर्व्हरला जोडलेल्या आहेत. प्रत्येक कामगार आपल्या नंबरनं लॉगिन करतो आणि खोक्यांची लेबलं छापतो, लेबलावर तो नंबरही उमटतो. सर्व्हरच्या पोटात रजिस्ट्री असते, सगळ्यांच्या सेटिंग्ज तिथं साठतात. नवा नंबर आला की त्याच्या प्रिंटरच्या नोंदी तिथं पडतात आणि माणूस गेला तरी पडूनच राहतात. रजिस्ट्रीला मर्यादा असते. ती भरत आलीय, असे तीन मेल जयमालानं प्लांट मॅनेजर रविराज सरांना पाठवले होते. एकाचंही उत्तर नाही.

मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला ती भरली. कुणाचंच लॉगिन होईना, लाइन बंद पडली. सर ओरडतच आले. मर्यादा वाढव म्हणाले. जेवढी वाढते तेवढी केव्हाच वाढवली, असं तिनं सांगितलं. मग तिनं प्रिंटरच्या मेलेल्या नोंदी पुसल्या, लाइन सुरू केली आणि मोजायला बसली. कामगार सहाशे. नंबर साडेचार हजार.

पॅकिंगच्या ज्ञानदेवचेच बारा. आळंदीजवळचा हा माणूस आठ वर्षं एकाच टेबलावर उभा आहे. पण कंत्राटी कामगाराला सात महिने झाले की महिन्याचा ‘ब्रेक’ देतात, आणि परतला की तो कागदावर नवा माणूस. हे सगळे लॉगिन जयमालानंच बनवले होते, मुकाट्यानं. जास्त राग तिला त्याचाच होता. तिचे वडील पिंपरीच्या कंपनीतून कायम कामगार म्हणून एकाच नंबरावर रिटायर झाले. पिंपळे गुरवचं घर त्या एका नंबरावर उभं आहे.

लाइन थांबली की ‘व्हाय-व्हाय’ लिहावं लागतं. पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचवं उत्तर म्हणजे खरं कारण, आणि कागद लाइनजवळच्या बोर्डावर लावायचा. बरेच जण पाचव्या रकान्यात ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ लिहून मोकळे होतात. जयमालाचं चौथं उत्तर होतं, दर सात महिन्यांनी त्याच माणसाला नवा नंबर दिला जातो. पाचवं, त्याची नोकरी सलग दिसून त्याला कायम करावं लागू नये म्हणून. उदाहरणादाखल ज्ञानदेवचे बारा नंबर तारखांसकट.

एचआरच्या साक्षी मॅडम धावत आल्या. सर्व्हर जुना झाला एवढंच लिही म्हणाल्या, शुक्रवारी कस्टमरची माणसं येणार आहेत, वाचतील.

“वाचायलाच लावतात ना बोर्डावर?” जयमाला म्हणाली.

सरांनी स्वतः बोर्डावरून कागद काढला. जुने नंबर आजच्या आज पूस, तारखाही ठेवू नकोस, म्हणाले. तिनं लेखी मागितलं.

“तोंडी सांगतोय ना मी.”

“मग मीही तोंडीच पुसते, सर.”

लेखी कुणी दिलं नाही.

शनिवारपासून ज्ञानदेवचा ब्रेक होता. जेवणाच्या सुट्टीत तो सर्व्हर रूमच्या दारात आला. त्या कागदावर आपलं नाव होतं असं त्याच्या कानावर आलं होतं. परत घेतील का, एवढंच त्याला विचारायचं होतं. जयमाला त्याच्यावरही उखडली.

“आठ वर्षांत एकदा तरी विचारलंत का ज्ञानदेवभाऊ, नवा नंबर कशाला म्हणून?”

“इचारणाऱ्यांना दुसरा नंबर बी मिळाला न्हाई, ताई.”



महिन्यानं त्याला परत घेतलं. तेराव्या नंबरचं लॉगिन बनवा, अशी चिठ्ठी आली. जयमालानं ती टेबलावर पालथी घातली. त्याचा आठ वर्षांपूर्वीचा पहिला नंबर उघडला, पासवर्ड बदलला आणि पॅकिंगच्या टेबलापाशी जाऊन त्याला सांगितला. ज्ञानदेवनं स्क्रीनवरचा नंबर दोनदा वाचला.

“ह्यो तर माझा पयला.”

“तुमचाच आहे. चालवा.”

त्या दिवशी साडेतीनशे खोकी तो नंबर घेऊन गेटबाहेर गेली. संध्याकाळी जयमालाला मेमो मिळाला. तिनं मिळाल्याची सही केली, ‘चूक मान्य’ची ओळ आडवी खोडली, आणि ब्रेकवरून परतणाऱ्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाचा पहिला नंबर शोधायला घेतला.