नवमीचं पान

एकोणीसशे पन्नासच्या पुढची वर्षं ती. माझी शाळा तिसरीतच सुटलेली, आणि नवऱ्याचा मार चुकवून मी कोकणातून मुलुंडला मावशीच्या खोलीत आलेली. चाळीला आयताच विषय. शेवटच्या खोलीतले पेन्शनर काका तेवढे काही विचारत नसत. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मावशी कडाडली की मी त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसे. ते चहा पुढे सरकवत. "पी. गार झाला तर पुन्हा तापवणार नाही हां."

श्रावणात पोस्टमनने त्यांच्या हाती दिलेलं माझं कार्ड त्यांनीच वर्तमानपत्राच्या घडीत घालून आणून दिलं. कोपरा फाडलेलं, मयताच्या बातमीचं. नवरा गेला होता. काकांनी पाहिलं नसेल, असं मी स्वतःला समजावलं. कार्ड तांदळाच्या डब्यात खुपसलं, कुंकू तसंच ठेवलं. कळतं तर मावशी मला सासरी पोचती करती. तिथे दीर होता, नवऱ्याहून वाईट.

मग पितृपक्षातली अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. काका दरवर्षी समोरच्या काकूंना बोलावत. यंदा काकू म्हणाल्या, "त्या पोरीला उंबऱ्यावर बसवता ना? मग तिलाच वाढा."

"येशील ना गं पोरी?" काकांनी विचारलं.

नाही म्हणायला कारण काय सांगणार? गेले. खीर, वडे त्यांनी स्वतः केले होते. वडे एका बाजूने करपलेले. उचललेला घास मी पानात परत ठेवला. ज्यांनी मला सावली दिली, त्यांच्याच बायकोचं पान मी बाटवत होते.

"काका, मी सवाष्ण नाही."

"ठाऊक आहे मला. जेव."

"मग बोलावलंत कशाला?"

ते शेगडीकडे बघत राहिले. "ही गेली तेव्हा मी ऑफिसात होतो. शेवटचं कुणी काही भरवलंच नाही तिला. काकू दरवर्षी घाईघाईत खाऊन उठायच्या. तू रडत का होईना, बसशील. खीर घे. कुंकवाचं तुझं तू बघ, माझ्या तोंडून बाहेर जायचं नाही."

गेलंही नाही. पुढच्या उन्हाळ्यात तेच गेले. पुतण्या येऊन खोलीला कुलूप लावून गेला.

बायकोच्या नावाची नवमी नवरा असेतोवरच. तरी त्या वर्षीच्या नवमीला मी अंघोळ करून, कुंकू लावून, त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

"काय गं," काकूंनी समोरून हटकलं, "कुणी बोलावलंय तुला?"

मी कुलपाला पाठ टेकून नीट मांडी घातली.