हिर्सेनराटचा शेवटचा आवाज

कोळशाच्या खाणीसाठी हिर्सेनराट गाव पाडायला घेतलं, तेव्हा आधी चर्च गेलं, मग कबरी उकरून नव्या गावठाणात नेल्या. खाणवाल्यांनी मेलेल्यांनाही सोडलं नाही. उरली नऊ घरं. त्यांतल्या एकात रोसविथा एसर आपल्या नवऱ्याला, हेरिबर्टला, चमच्याने भरवत असे. पक्षाघाताने त्याची वाचा गेली होती.

दुसरं महायुद्ध संपल्यावर निर्वासितांच्या गाडीतून ती इथे उतरली, तेव्हा सात वर्षांची होती. शाळेत तिने "आई कपडे धुते" म्हटलं की पोरं खिदळायची. या भागात "आई धुण्यात आहे" म्हणत. पोरीने हट्टाने गावची बोली अशी उचलली की लग्नाआधी हेरिबर्ट म्हणाला होता, "तू तर माझ्या आजीसारखी बोलतेस." एवढं मोठं काही तिला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या मार्चात विद्यापीठातला टिलमन टेपरेकॉर्डर घेऊन आला. गाव जाण्याआधी त्याला बोली टिपायची होती. त्याने एक चित्र पुढे केलं. बाई, सुरी, बटाटे, मागे पाळणा.

"सोलण्यात आहे ती," रोसविथा म्हणाली. "पोरगं रडण्यात आहे, पण हिला काय त्याचं!"

टिलमन खूश झाला. वीस चित्रं भराभर झाली. मग त्याने फॉर्म काढला.

"जन्म इथलाच ना, एसरबाई? आईवडिलांचाही?"

रोसविथा चित्रं गोळा करू लागली. "इथलाच."

खिडकीशी तिची नणंद फिनशेन बसली होती. "इथली कधीपासून झालीस गं? बोचकं घेऊन आलीस ते विसरलीस वाटतं."

हेरिबर्ट घशातून काहीतरी ओरडला. काय म्हणतोय ते कुणी विचारलं नाही.

"माफ करा बाई, जन्म इथलाच लागतो, नियम आहे," टिलमन ओशाळून म्हणाला. टेप मागे फिरवून त्याने माइक फिनशेनपुढे ठेवला. शहरातल्या बँकेच्या काउंटरवर तिची तीस वर्षं छापील भाषा बोलण्यात गेली होती.

"ती बटाटे सोलते," फिनशेन म्हणाली.

"गावात असंच म्हणतात?"

"मग कसं म्हणणार?"

"नाही हो," रोसविथाला राहवलं नाही, "आमच्यात असं—"

"बाई, मध्ये बोलू नका," टिलमन हळूच म्हणाला. "टेपवर येतं."

 त्याच्याकडे टेप एकच होती. वीस चित्रांचं रोसविथाचं बोलणं पुसत त्यावर आता फिनशेन बोलत होती.