एका तारखेची दोन लग्नं

"तारखंला तास नसत्यात!" असं म्हणून आमच्या मॅडम भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाचं टोपण आपटायच्या. आपटून आपटून बिचारा रविवार फाटला होता.

तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेलच. शाहूपुरीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या सगळ्यात जुन्या. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन तारखा ताडून बघायच्या तर जुना 'डेट' वापरायचा नाही, हा त्यांचा दंडक. त्याच्या पोटात वेळ लपलेली असते. एकाच दिवसाची सकाळ आणि संध्याकाळ त्याला वेगळी वाटते. 'लोकलडेट'मध्ये नुसता दिवस. कुणी विसरलं की सगळ्यांदेखत खरडपट्टी.

आणि नेमकी चूक निघाली ती मॅडमच्याच प्रोग्राममध्ये. कसबा बावड्यातल्या एका मंगल कार्यालयासाठी त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला तो लिहिला होता. तिथं वेळ कुणी भरायचंच नाही, त्यामुळे प्रत्येक तारखेला आपोआप मध्यरात्र मिळायची आणि सगळं बिनबोभाट चालायचं. नवा कारकून हौशी. त्यानं दुपारच्या लग्नाचा मुहूर्त मिनिटासकट भरला, संध्याकाळच्या निकाहची वेळही भरली. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे दिवस वाटले आणि एकाच दिवशी हॉल दोघांना दिला गेला. कळलं तेव्हा दोन्हीकडच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"सर्व्हर बंद होता म्हणून सांगूया," आमचे साहेब म्हणाले.

"सर्व्हरला कशाला मधी घेताय? चूक माझी हाय," मॅडम म्हणाल्या.

मला मोपेडवर मागं बसवून त्या कबनूरला गेल्या. निकाह होता त्या मुलीचे वडील यंत्रमागावर कामाला. "आता दुसरा हॉल कुठं गावायचा, बाई?" त्यांनी विचारलं.

"ह्योच मिळंल," मॅडम म्हणाल्या. "पाचला मी रिकामा करून देतो."

दुपारच्या लग्नवाल्या गडहिंग्लजकरांनाही त्यांनी हात जोडून राजी केलं.

लग्नादिवशी मॅडम पदर खोचून पंगतीत फिरत होत्या. "पावणं, जेवलासा न्हवं? मग गप्पा भायेर की!" शेवटची पंगत उठल्याबरोबर त्यांनी आम्हाला खुर्च्यांना जुंपलं आणि फरशी स्वतः पुसली. एरवी त्यांच्या तोंडाला मी टरकून असायचो. त्या दिवशी मला त्या फार आवडल्या. निकाह वेळेवर झाला.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. आम्ही घरी पोचलो तेव्हा बायकांमध्ये एक तरुणी मूल मांडीवर घेऊन रडत बसली होती. कुणालाच तिची ओळख लागेना. शेवटी मॅडमच्या बहिणीनं विचारलं, "कुणाची गं तू?"

"कबनूरची," ती म्हणाली. "माझं लग्न ह्यांनी लावलं."