आज आंजीसोबत आपण कसे हरलो

चौकातला हा फळा वाचून राह्यलेल्या मंडळींनो, आज आपला कबड्डीचा संघ शेजारच्या आंजी गावासोबतच्या सामन्यात हरला.

आपल्याच गावचा सुखदेव. त्याच्या घरचे बौद्ध झाले, पण आपल्यासाठी विटाळ तसाच राह्यला. म्हणून आपण त्याले संघात घेतलं नाई. आज तो आंजीकडून चढाईले आला.

त्याले पाहून आपले सातही गडी मागं सरकले. मी मैदानाबाहेरून वरडलो, "अबे, धरा ना त्याले!"

कप्तान म्हणे, "मंग आंघोळ कोण करन?"

सुखदेव हसत हसत एकेकाले शिवत गेला. सातही बाद! हरले अन् वरून विहिरीवर आंघोळीलेही गेले.

पुढच्या रविवारी बदला घेऊ म्हणता? घ्या. पण आधी सांगा, सुखदेवले धरसान, का आतापासूनच पाणी तापवून ठेवू?