शहाण्या घरातून आलेली बाई

"सर्टिफिकेट आणलंय. आत घ्या हिला," दीर म्हणाला. त्याची भावजय कृष्णाबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. वय पन्नाशीचं. कागदावर लिहिलं होतं : 'जडबुद्धी. बोलत नाही.'

एकोणीसशे तीसच्या सुमाराला मी रत्नागिरीत वेड्यांच्या इस्पितळात नर्स होते. मी त्याला सांगितलं, आधी ऑब्झर्व्हेशन. म्हणजे मॅजिस्ट्रेटचा हुकूम होण्यापूर्वी पेशंटला काही दिवस नुसतं बघायचं.

"बघायचंय काय त्यात? मुलीला बघायला पाहुणे येणारेत. घरात असलं माणूस बरं दिसत नाही."

बाईला स्वयंपाक कोण करून घालतं, असं मी विचारलं. "आमचा सतरा माणसांचा सगळा तीच करते," तो म्हणाला. सतरा माणसांचा स्वयंपाक करणारी जडबुद्धी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

तीन दिवस ती खरंच बोलली नाही. बोलावलं की दचकायची, अंग चोरायची. चौथ्या दिवशी आमची आया द्वारका तांदूळ निवडत बसली होती. तिला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. मूठभर तांदूळ पुढे करून ती म्हणाली, "हे नवे की जुने, सांग गो बाय."

कृष्णाबाईनं तांदूळ हुंगले. "जुने. दोन पावसाळे झालेत."

मग हळूहळू कळलं. नवव्या वर्षी नवरा वारला. तेव्हापासून घरात तिला कामं सांगत. विचारत काहीच नसत. आठव्या दिवशी ती द्वारकेच्या थट्टेला हसली. दहाव्या दिवशी तिनंच थट्टा केली.

डॉक्टरांनी दिराला सांगितलं, "हिला वेड नाही."

"मग घरी बोलत का नव्हती?"

"तुम्ही कोणी बोलत होतात तिच्याशी?"

त्यानं सर्टिफिकेट घडी करून खिशात घातलं.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "कुठं राहणार?" तिनं द्वारकेकडे पाहिलं. मग म्हणाली, "इथं काम असेल तर इथंच." तिला मुदपाकखान्यात घेतलं. वर्षभरात ती द्वारकेकडून अक्षरं शिकली आणि सामानाची यादी स्वतः लिहू लागली.

दोन वर्षांनी दीर पुन्हा आला. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती. "वहिनी, घरी चला. तुमच्यावाचून अडलंय."

"मला सवड नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

कुणाला जडबुद्धी ठरवण्याआधी तो कुणात राहतो ते बघावं, एवढं मी त्यातून शिकले. दिराला मात्र घरात भात करपतोय, एवढंच कळलं होतं.