बाईंनी काढलेला वचपा

टेबलावर तळहात आपटून "हिस्सा सगळ्यायसमोर!" असं बाई म्हणाल्या, की गडचिरोलीच्या आमच्या ऑफिसात भलेभले गप्प बसत. बाई माझ्यासारख्याच कंत्राटी ऑपरेटर, वयानं मोठ्या. माहेर नागभीडकडचं, तलावात मासे धरणाऱ्यांचं. तिथे मासळीचे हिस्से पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सगळ्यांदेखत मांडतात आणि हिस्से पाडणारा आपला वाटा शेवटी उचलतो. हा कायदा बाईंनी ऑफिसलाही लावला होता. समोसासुद्धा तोडणाऱ्याला उरलेलाच तुकडा मिळे.

दोन हजार आठच्या सुमारास जमिनीचे दावे भरायला वेब ॲप्लिकेशन आलं. पुण्याच्या एका इंजिनिअरनं बनवलेलं. दाव्यात एकच नाव असलं की मराठी पावती छान निघे. दुसरं नाव टाकलं की पान कोसळलंच! आणि आमच्याकडे एकट्याचा दावा असतो कुठे? भाऊ, वहिन्या, म्हातारी, सगळं घर त्यात.

इंजिनिअर फोनवर म्हणे, "माझ्याकडे चालतंय." तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच. पुढे त्यानं साहेबांना सरळ सांगितलं, की तुमचा ऑपरेटर नावं भरताना घोळ घालतो. ऑपरेटर म्हणजे मी. साहेब म्हणाले, एक तारखेपासून येऊ नको. घरात कमावता मी एकटा. त्या माणसाचा गळा धरावासा वाटला, खरंच सांगतो.

"तू काऊन रडून राह्यला? बस इथी," बाई म्हणाल्या. तीन दिवस त्या फॉर्मात स्वतःचंच नाव भरत राहिल्या. एकाच दाव्यात एकदा, दोनदा, चारदा. इंग्रजीत कितीही वेळा चाले, मराठीत दुसऱ्या नावालाच पडे. शेवटी त्यांनी ॲप्लिकेशनची भाषांतराची फाईल उघडली. इंग्रजीत पावतीवर एका नावासाठी एक वाक्य होतं, अनेक नावांसाठी दुसरं. मराठीत पठ्ठ्यानं अनेकांची ओळच रिकामी सोडलेली! मराठीत कधी चालवून पाहिलंच नव्हतं त्यानं.

"बाई, भरून टाकू ती ओळ."

"खबरदार! आता भरली तं तो म्हणन, बिघाड नव्हताच. त्याले येऊ दे."

तो आला, साहेबांना ॲप्लिकेशन दाखवायला. मला म्हणाला, "बस, टाइप कर."

बाईंचा तळहात टेबलावर आपटला. "याले हात लावू देऊ नका, साहेब. ज्यानं बनवलं त्यानंच भरावं. मराठीत. चार नावं."

त्यानं भरली. पान कोसळलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. बाई शांतपणे म्हणाल्या, "चूक कुठी हाय, मले ठाऊक हाय. पह्यले लिहून द्या, याची चूक नव्हती म्हणून."

त्यानं साहेबांसमोर लिहून दिलं. काय सांगू, कलेजा थंड झाला! मग बाईंनी दोन मिनिटांत ती ओळ भरली. माझी नोकरी राहिली.

पण तोही विसरला नाही. पुढच्या वर्षी ऑपरेटर पुरवायचं कंत्राट त्याच्याच कंपनीला मिळालं. नव्या यादीत बाईंचं नाव नव्हतं. शेरा होता, 'उद्धट'. साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

माझं नाव यादीत होतं. मी मान खाली घालून उभा राहिलो.

बाईंनी पर्स उचलली आणि नागभीडच्या बससाठी निघून गेल्या. त्या इंजिनिअरला मी अजून शिव्या घालतो. पण तो तरी परका होता.